विंचीचा ‘आर्तासेर्से’: नान्सीच्या प्रयोगाचे मुद्रण श्रेष्ठ की स्टुडिओतले?

विलंबित

लेओनार्दो विंची हे नाव वाचून कोणाला मोनालिसा आठवली, तर तो वाचकाचा दोष नव्हे; पण हा विंची चित्रकार नसून त्या चित्रकाराच्या मृत्यूनंतर दोन शतकांनी नेपल्समध्ये नावारूपाला आलेला संगीतकार आहे. त्याचा ‘आर्तासेर्से’ हा ऑपेरा 4 फेब्रुवारी 1730 रोजी रोममध्ये प्रथम रंगमंचावर आला आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यात विंची वारला. (त्याला चॉकलेटमधून विष दिल्याची आवई तेव्हाच उठली होती. ऑपेराचा शेवटही विषाच्या पेल्यानेच होतो, त्यामुळे ती आवई टिकून राहिली असावी.) संहिता मेतास्तासिओ या इटालियन कवीची आहे. इराणच्या सम्राटाचा खून त्याच्याच रक्षकदलाचा प्रमुख आर्ताबानो करतो आणि रक्ताळलेली तलवार आपल्या मुलाच्या, आर्बाचेच्या, हाती देऊन निसटतो. मुलगा पकडला जातो, पण बापाचे नाव सांगत नाही. नवा सम्राट आर्तासेर्से हा त्याचा जिवलग मित्र, आणि सम्राटाची बहीण मांदाने ही त्याची प्रेयसी. म्हणजे ज्यांनी विश्वास ठेवायचा, त्यांनाच तो खुनी वाटत राहतो.

या ऑपेराची दोन मुद्रणे (रेकॉर्डिंग्ज) आपल्याला उपलब्ध आहेत. एक 2012 साली आलेले स्टुडिओतले, आणि दुसरे त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये फ्रान्समधल्या नान्सी येथे लोरेन ऑपेराच्या रंगमंचावर झालेल्या प्रयोगाचे चित्रमुद्रण. दोन्हींत दिएगो फासोलिसच्या दिग्दर्शनाखाली कन्सेर्टो क्योल्न हा वाद्यवृंद आहे आणि दोन्हींत तेच पाच काउंटरटेनर, म्हणजे स्त्रियांच्या उंच पट्टीत गाणारे पुरुष, आहेत: जारुस्की, त्सेंचिच, फाजिओली, साबादुस आणि मिनेंको. बदलला आहे तो फक्त बापाचे काम करणारा टेनर, म्हणजे नेहमीच्या पुरुषी आवाजात गाणारा गायक. तेव्हा तुलना करायला याहून सोयीची जोडी बारोक ऑपेरात क्वचितच मिळेल.

माझे मत स्पष्ट आहे: स्टुडिओतले मुद्रण अधिक स्वच्छ आहे, पण ‘आर्तासेर्से’ हे काय प्रकरण आहे हे कळते ते प्रयोगाच्या मुद्रणातच. याचे कारण दा कापो एरियाच्या, म्हणजे पात्राच्या एकट्याच्या गाण्याच्या, रचनेत आहे. पहिला भाग गायचा, मग वेगळ्या भावाचा छोटा दुसरा भाग, आणि मग पुन्हा पहिला भाग, पण या वेळी गायकाने त्यात स्वतःची भर घालायची. शब्द तेच, चाल तीच, आणि ऐकणाऱ्याला दोन्ही ठाऊक झालेले. आता गायक काय करतो याकडे सगळ्यांचे कान लागलेले. ही रचना मुळातच समोर कोणीतरी बसले आहे असे गृहीत धरते. पहिल्या अंकाच्या शेवटी आर्बाचे ‘व्हो सोल्कांदो’ गातो, म्हणजे ‘पाल नाही, दोर नाही, अशा स्थितीत मी निर्दय समुद्र कापत चाललो आहे’. स्टुडिओत फाजिओली ते बिनचूक गातो. नान्सीत तो ते गाताना ही नाव बुडेल की काय अशी धाकधूक मला प्रत्येक वेळी होते, आणि पुनरावृत्तीत तो खालच्या छातीच्या आवाजातून एकदम वर झेप घेतो तेव्हा सभागृहाने रोखून धरलेला श्वास मला ऐकू येतो.

ज्यांनी बालगंधर्वांचे गाणे फक्त तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकड्यांवर ऐकले आहे, म्हणजे आपण जवळजवळ सगळेच, त्यांना मी काय म्हणतो ते समजावून सांगण्याची गरज पडू नये. प्रयोगात ‘वन्स मोअर’ घेत घेत तेच पद किती वेळ रंगत असे याचे वर्णन आपण वाचतो. हाती मात्र तबकडी आहे. इथे आपल्याला दोन्ही मिळाले आहे, आणि तरीही अनेक जाणकार तबकडीच उचलतात, याचे मला नवल वाटते.

काळी चार

धागा आवडला, परंतु निष्कर्ष मान्य नाही.

बालगंधर्वांचा दाखला इथे लागू पडत नाही. त्यांच्या तबकडीवर पद कापले गेले, कारण तबकडीची लांबीच तेवढी होती. विंचीच्या स्टुडिओ मुद्रणात तशी सक्ती कोणावर नव्हती. तिथे एरिया पूर्ण आहेत, पुनरावृत्ती पूर्ण आहे, पुनरावृत्तीतली भरही आहे. तेव्हा ‘तबकडी विरुद्ध प्रयोग’ ही मांडणी या दोन मुद्रणांच्या बाबतीत फसवी ठरते. इथला प्रश्न इतकाच आहे की तेच गायक शांतपणे, मायक्रोफोनपासून योग्य अंतरावर उभे राहून गातात तेव्हा संगीत अधिक कळते, की डोक्यावर पिसांचा टोप घेऊन चालता चालता गातात तेव्हा.

‘व्हो सोल्कांदो’विषयी म्हणाल, तर प्रयोगाच्या मुद्रणाविरुद्धचा सर्वांत मोठा पुरावा मला तिथेच दिसतो. त्या एरियाचा दुसरा भाग काय सांगतो? ‘या अवस्थेत मी अभागी, सगळ्यांनी मला टाकून दिले आहे, सोबतीला आहे ते एकटे माझे निरपराधपण, आणि तेच मला बुडवीत आहे.’ ज्याला जगाने टाकले त्याची ही तक्रार संपते न संपते तोच सभागृहात टाळ्यांचा कडकडाट होतो. कोणाला टाकले आहे म्हणता? त्या क्षणी आर्बाचे नाहीसा होतो आणि उरतो तो फाजिओली. स्टुडिओत शेवटचा स्वर विरल्यावर जी शांतता येते, ती त्या पात्राची शांतता असते.

शिवाय त्याची ती झेप. तीन सप्तके फिरून येण्याची हौस आपल्याकडच्या मैफलींतही दिसते आणि तिलाही टाळ्या पडतातच. पण तिला आपण गाणे म्हणत नाही, कसरत म्हणतो. प्रयोगात फाजिओली दर वेळी थोडे जास्त करतो, कारण समोर दाद देणारे बसले आहेत. स्वरांच्या त्या घाईत त्याचे इटालियन शब्द तोंडातल्या तोंडात राहतात, आणि मेतास्तासिओसारख्या कवीच्या बाबतीत हे नुकसान किरकोळ नाही.

टेनरविषयीही एक वाक्य: स्टुडिओतला डॅनियल बेहले आर्ताबानोला वजन देतो. नान्सीतला हुआन सांचो उत्तम नट आहे, पण डोळे मिटून ऐकले तर मला बेहलेच हवा.

राईनकाठ

मी गेली बारा वर्षे जर्मनीत राहतो आणि इथे हौशी वाद्यवृंदात आतड्याच्या तारांचे व्हायोलिन वाजवतो, त्या अनुभवावर दोन-तीन गोष्टी सांगतो.

विलंबित, ‘प्रत्यक्ष प्रयोगाचे मुद्रण’ हा शब्दप्रयोग आपण जरा भाबडेपणाने वापरत आहात. अशी चित्रमुद्रणे करताना सामान्यतः एकाहून अधिक प्रयोग टिपले जातात आणि त्यांतले चांगले तुकडे जोडले जातात. आपण ज्याला एका रात्रीचा धोका समजत आहात, तो कदाचित दोन-तीन रात्रींमधून निवडलेला धोका असेल.

परंतु म्हणून दोन्ही मुद्रणे सारखी होतात असेही नाही. आधी स्टुडिओतले काम झाले आणि नंतर भूमिका रंगमंचावर उभ्या राहिल्या, हा क्रम महत्त्वाचा आहे. रंगमंचावर ज्या माणसाने त्या वाक्यावर गुडघे टेकले आहेत, तो माणूस त्या वाक्याआधी कुठे श्वास घ्यायचा हे वेगळ्या रीतीने ठरवतो. एरियांपेक्षा हा फरक मला रेसिटेटिव्हमध्ये, म्हणजे हार्प्सिकॉर्ड या पियानोसारख्या जुन्या वाद्याच्या मोजक्या स्वरांवर चालणाऱ्या संवादांमध्ये, जास्त जाणवतो. स्टुडिओत ते नीट वाचून दाखवल्यासारखे आहेत. नान्सीत माणसे एकमेकांचे वाक्य तोडतात, गप्प राहतात, आणि त्या गप्प राहण्याला अनुसरून हार्प्सिकॉर्डचा स्वर उशिरा पडतो. तीन तासांच्या या कृतीत कथानक पुढे सरकते ते रेसिटेटिव्हमध्येच. एरियात ते थांबलेले असते. तेव्हा रेसिटेटिव्ह मेले की ऑपेरा म्हणजे नुसती एरियांची माळ उरते.

काळी चार यांचा टाळ्यांविषयीचा आक्षेप मात्र मला इतिहासाच्या दृष्टीने टिकणारा वाटत नाही. अठराव्या शतकातल्या इटालियन नाट्यगृहात लोक आपापल्या खाजगी कक्षांत (बॉक्समध्ये) बसून जेवत, गप्पा मारत, भेटीगाठी उरकत, आणि आवडता गायक गाऊ लागला की कान देत. दिवे मालवून, श्वास रोखून बसण्याची पद्धत पुष्कळ नंतरची आहे. टाळ्या या संगीतावर बाहेरून आदळलेल्या नाहीत. आपली शांतताच नवीन आहे.

आणि वाद्यांविषयी: आतड्याच्या तारा दिव्यांच्या उष्णतेने उतरतात, हवेतल्या दमटपणाने बिघडतात. प्रयोगात त्यांचा नाद किंचित खरखरीत होतो. हा दोष म्हणायचा की नाही, ते ज्याने त्याने ठरवावे. मला तो आवडतो.

अंतरा

इथपर्यंतची चर्चा वाचली आणि एका गोष्टीचे आश्चर्य वाटले. सहा गायक, सहाही पुरुष, त्यांतले दोघे स्त्री-भूमिकेत. आणि त्यावर कोणीही अवाक्षर काढलेले नाही.

1730 मध्ये हा ऑपेरा ज्या नाट्यगृहात झाला, त्याचे नाव तेआत्रो देल्ले दामे. याचा अर्थ ‘स्त्रियांचे नाट्यगृह’. त्या नाट्यगृहाच्या रंगमंचावर एकाही स्त्रीला पाऊल ठेवता येत नव्हते, कारण पोपच्या राज्यात तशी बंदी होती. मूळ संचात सगळे पुरुष होते ते या बंदीमुळे. विंचीला तसा नाद हवा होता म्हणून नव्हे. त्याच काळात व्हेनिस आणि नेपल्स येथे स्त्रिया गात होत्या आणि गाजतही होत्या. शिवाय मूळचे ते उंच आवाज कास्ट्रातोंचे, म्हणजे लहानपणीच खच्ची केलेल्या गायकांचे, होते. लहान मुलांवर शस्त्रक्रिया करून मिळवलेल्या त्या आवाजाची पोकळ आठवण म्हणून आज पाच काउंटरटेनर उभे करायचे आणि त्याला ‘मूळ स्वरूप’ म्हणायचे, हे मला पटत नाही. काउंटरटेनर हा फॉल्सेटोत, म्हणजे बनवलेल्या उंच आवाजात, गाणारा पुरुष असतो. त्याच्या शरीराची घडण कास्ट्रातोची नसते. कास्ट्रातो आज नाहीत, तेव्हा त्या भूमिका कोणीही गायल्या तरी तो पर्यायच असणार. विंचीचा समकालीन संगीतकार हेंडेल, त्यालाही यात अडचण वाटली नव्हती: त्याच्या ऑपेरात, 1720 साली ‘रादामिस्तो’च्या पहिल्या प्रयोगात नायकाचे काम मार्गेरिता दुरास्तांती या स्त्रीने केले, आणि त्याच वर्षअखेरीस तेच काम सेनेसीनो या कास्ट्रातोने केले.

माझा आक्षेप स्टुडिओ मुद्रणालाही आहे, पण प्रयोगाच्या मुद्रणाला जास्त आहे, कारण तिथे त्या बंदीचा देखावा होतो. नुसते ऐकताना त्सेंचिच हा मांदानेचा आवाज असतो. पाहताना तो घागऱ्यातला पुरुष होतो, आणि प्रेक्षक त्याची मौज घेतात.

विलंबित

राईनकाठ यांनी माझे कान धरले ते बरे झाले. ‘एका रात्रीचा धोका’ असे मी लिहिले नव्हते, पण मनात तेच होते, हे कबूल करतो.

काळी चार, तुमचा टाळ्यांचा मुद्दा मी टाळू इच्छीत नाही. टाळ्या पडतात तेव्हा आर्बाचे नाहीसा होतो, हे खरेच आहे. पण तो संपूर्ण अंकभर ये-जा करीतच असतो. आपल्या संगीत नाटकात सुभद्रा पदाच्या मध्यावर बालगंधर्व होत असे आणि पुन्हा सुभद्रा होत असे. त्याने ‘सौभद्र’ मोडले नाही. पात्र आणि गवई एकाच अंगरख्यात नांदणे ही जिथे परंपराच आहे, तिथे त्या दोघांतला एक काढून टाकलेले मुद्रण अधिक शुद्ध कसे?

अंतराताई, तुमच्या म्हणण्यातला इतिहास मला पूर्ण मान्य आहे, निष्कर्ष अर्धाच. स्टुडिओ मुद्रणावर ती बंदी ऐकूच येत नाही. पाच सुरेल आवाज एकापाठोपाठ येतात आणि ऐकणारा विसरून जातो की हे असे का आहे. नान्सीचा प्रयोग निदान ते डोळ्यांसमोर ठेवतो. आणखी एक व्यावहारिक गोष्ट: मी जेव्हा पहिल्यांदा केवळ स्टुडिओ मुद्रण ऐकले, तेव्हा दुसऱ्या तबकडीपर्यंत मला कोण गातो आहे हे नीट ओळखता येत नव्हते. चित्रमुद्रण पाहिल्यावर मात्र जारुस्कीचा पातळ, उजळ आवाज आणि त्सेंचिचचा गडद, भरीव आवाज कायमचे वेगळे झाले.

काळी चार

शेवटच्या परिच्छेदातच आपण माझी बाजू मांडलीत. आवाज ओळखायला चेहरा लागत असेल, तर तो कानाचा प्रश्न आहे, मुद्रणाचा नव्हे. दुसऱ्या, तिसऱ्या श्रवणात ते आपोआप वेगळे होतात. साबादुसचा आवाज तर पहिल्याच एरियात इतरांपासून सुटून उभा राहतो. आपण किराणा आणि जयपूर घराण्यांतला फरक चित्रे बघून शिकलो का?

‘सौभद्र’च्या बाबतीत एक भेद राहून गेला. तिथे पदाच्या आधी आणि नंतर गद्य होते, प्रेक्षकांच्या भाषेतले, आणि ते पात्राला पुन्हा जमिनीवर आणत असे. नान्सीच्या प्रेक्षकाला गोष्टीत परत आणणारे आहे ते पडद्यावरचे भाषांतर, आणि टाळ्या चालू असताना ते कोणी वाचत नाही.

राईनकाठ यांचे रेसिटेटिव्हविषयीचे म्हणणे मात्र मी काल पुन्हा ऐकून पडताळले. दुसऱ्या अंकात आर्तासेर्से मित्राचा न्यायनिवाडा त्याच्या बापाकडेच सोपवतो आणि बाप स्वतःच्या मुलाला मृत्युदंड सुनावतो, तो प्रसंग नान्सीत अधिक अस्वस्थ करतो. तेवढ्यापुरती मी माघार घेतो.

तिसरी घंटा

गाण्यातले मला फारसे कळत नाही. एका हौशी नाट्यसंस्थेत मी वीस वर्षे पडदा ओढला आहे, प्रकाशयोजनेला हातभार लावला आहे आणि प्रॉम्प्टिंगही केले आहे, तेव्हा रंगमंचाच्या बाजूने लिहितो. ती बाजू अजून कोणी घेतलेली नाही.

सिल्विउ पुर्कारेते हा रुमानियन दिग्दर्शक या प्रयोगात रंगमंचाची मागची बाजू उघडी ठेवतो. नट तयार होताना दिसतात, रंगमंचावरची कामे करणारी माणसे वावरताना दिसतात, आणि मग त्यांच्यामधूनच भलेमोठे विग, पिसांचे टोप आणि रंगवलेले चेहरे घेऊन इराणचा दरबार उभा राहतो. अंतराताईंना हा बंदीचा देखावा वाटला. मला उलट वाटले. ‘ही बाई नाही, हा तिचा वेश चढवलेला गडी आहे’ हे तो पहिल्यापासून सांगतो, लपवत नाही. रंगपटात दाढी करून, अंगाला पावडर लावून, पदर सावरत विंगेत येऊन उभा राहिलेला माणूस मी पाहिला आहे (आमच्या संस्थेत स्त्री-भूमिकेला कोणी मिळत नसे तेव्हाची गोष्ट), आणि घंटा झाल्यावर तोच माणूस चालायचा वेगळा. त्या दोन पावलांमधला बदल नान्सीत दिसतो. तो पाहून ज्यांना हसू येते त्यांनी हसावे. थोड्या वेळाने ते हसू थांबते, माझे तरी थांबले.

तक्रार आहे ती कॅमेऱ्याविषयी. शेवटच्या रांगेतल्या माणसाला दिसावा म्हणून चढवलेला रंग कॅमेरा नाकाजवळ जाऊन दाखवतो. नाट्यगृहात बसलेल्या कोणीही तो घाम, ती भेग, ते ताणलेले गळ्याचे स्नायू पाहिले नसतील. त्यामुळे विलंबित ज्याला ‘प्रयोग’ म्हणतात, तो माझ्या दृष्टीने प्रयोग आणि सिनेमा यांच्या मधले काहीतरी आहे. खुर्ची मी निवडली, तर मी कुठे बघायचे ते मी ठरवतो. इथे ते दुसऱ्याने ठरवले आहे, आणि तेही दर दहा सेकंदांनी मत बदलत.

राईनकाठ

हा कॅमेऱ्याचा मुद्दा योग्य आहे आणि तो आवाजालाही लागू आहे. मायक्रोफोनही नाकाजवळच असतो. सभागृहात काउंटरटेनरचा आवाज वाद्यवृंदाच्या मानाने पुष्कळदा लहान ऐकू येतो. मुद्रणात तो पुढे आणला जातो. स्टुडिओत हे होते आणि प्रयोगाच्या मुद्रणातही होते. ज्याला खरे प्रमाण ऐकायचे आहे, त्याने एकदा तिकीट काढून मागच्या रांगेत बसावे. कार्ल्सरूहच्या हेंडेल महोत्सवात मी तसा बसलो होतो, आणि पहिल्या दहा मिनिटांत मला वाटले की गायक आजारी आहे. मग कानांना सवय झाली.

अंतरा

तिसरी घंटा, तुमच्या प्रतिसादानंतर मी प्रयोग पुन्हा पाहिला. माझा मूळ आक्षेप कायम आहे: हेच काम एखाद्या मेझो-सोप्रानो गायिकेने का करू नये, याचे उत्तर ‘रोममध्ये तसे होते’ हे असू शकत नाही. पण ‘प्रेक्षक मौज घेतात’ हे माझे वाक्य मी अर्धे मागे घेते. सुरुवातीला घेतात. तिसऱ्या अंकात घेत नाहीत.

तिसऱ्या अंकात आर्बाचे आणि मांदाने यांचे युगुलगीत आहे. तो म्हणतो, ‘मी जगावे असे तुला वाटते, पण तू प्रेम नाकारलेस तर तूच मला मारतेस.’ ती उत्तर देते, ‘माझ्या गालांवरची लाली तुला पुरे असावी, याहून अधिक मी बोलू शकत नाही.’ ज्याने आपल्या वडिलांचा खून केला असे तिला वाटते, त्याच्यावरचे प्रेम ती याहून जास्त कबूल करू शकत नाही. आता त्सेंचिचच्या चेहऱ्यावर रंगाचा इतका जाड थर आहे की खरीखुरी लाली आली तरी ती कॅमेऱ्याला दिसणार नाही. जे काही सांगायचे ते त्याला आवाजातच सांगावे लागते, आणि ‘याहून अधिक’ या शब्दांवर तो स्वर इतका बारीक करतो की मी पडद्याकडे बघायचे विसरले.

स्टुडिओतले तेच युगुलगीत मी लगेच नंतर लावले. तिथे दोन्ही आवाज अधिक समतोल आहेत, स्वर अधिक निर्मळ आहेत. काळी चार यांना ते जास्त आवडेल याविषयी मला शंका नाही. मी मात्र ते अर्ध्यावर बंद केले आणि नान्सीचे पुन्हा लावले, या वेळी पडदा झाकून.

काळी चार

पडदा झाकून! मग आपण आणि मी एकाच बाजूला आहोत, फक्त तबकडी वेगळी आहे. आज रात्री ते युगुलगीत तसेच ऐकतो आणि उद्या लिहितो.